पाच तारांचा बेस घ्यावा की मोठा अँप?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दीड वर्षापासून हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवताय. बेस चार तारांचा, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीचा, सुरुवातीच्या किमतीतला. घरी सरावाचा ४० वॉटचा अँप आहे. कार्यक्रम मंगल कार्यालयात, गणपतीच्या मांडवात, अधूनमधून नाट्यगृहात. घरी भरदार वाटणारा आवाज स्टेजवर हरवतो आणि समोर बसलेले मित्र सांगतात की ‘नुसती घुमघुम येते, सूर कळत नाही’. हाताशी ५० हजार रुपये आहेत. त्यात पाच तारांचा, आत बॅटरीवरचं छोटं सर्किट असलेला अ‍ॅक्टिव्ह बेस घ्यावा की मोठा अँप?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळे पैसे यातल्या कुठल्याच एका वस्तूवर घालू नका. स्टेजवर बेसचा आवाज दोन निरनिराळ्या ठिकाणी पोचवावा लागतो. पहिलं ठिकाण म्हणजे प्रेक्षक. त्यांना बेस ऐकू येतो साऊंडवाल्याच्या स्पीकरमधून, तुमच्या अँपमधून नाही. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः आणि शेजारचा ड्रमर किंवा ऑक्टोपॅडवाला. त्यांच्यासाठी अँप. ‘सूर कळत नाही’ ही तक्रार पहिल्या ठिकाणची आहे, ‘मला मीच ऐकू येत नाही’ ही दुसऱ्या ठिकाणची. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

आता हे जागेवर किती अवलंबून आहे ते बघा. चांगल्या नाट्यगृहात साऊंडवाल्याकडे सब (फक्त खालचे सूर देणारे मोठे स्पीकर) असतात, वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले मॉनिटर असतात, वेळेवर गेलात तर साऊंड चेकही मिळतो. तिथे छोटा अँप पुरतो, कधी अँपशिवायही भागतं. मंगल कार्यालयात बहुतेक वेळा स्टँडवरचे दोन बारा किंवा पंधरा इंची स्पीकर असतात, सब नसतात, वर पत्रा आणि खाली गुळगुळीत फरशी. असे स्पीकर ५०-६० हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळतात, त्यामुळे तिथे खालच्या सुरांची हौस बाळगण्यात अर्थ नाही. तिसरा प्रकार हॉटेलातला किंवा घरगुती समारंभाचा, जिथे मिक्सरवर फक्त गायक असतात आणि बेस थेट अँपमधूनच लोकांपर्यंत जातो. तुमचे निम्म्याहून जास्त कार्यक्रम या तिसऱ्या प्रकारचे असतील तर मोठा अँप आधी घ्या, पुढचं बरंच तुम्हाला लागू नाही. तुम्ही लिहिलेल्या जागा मात्र पहिल्या दोन प्रकारांतल्या आहेत.

घरचा आवाज स्टेजवर का हरवतो, याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या अँपवरच्या तीन बटणांत सापडेल. घरी एकट्याने वाजवताना आपण बेसचं बटण वर नेतो, ट्रेबल वर नेतो आणि मधलं खाली ओढतो. एकट्याला ते फार गोड लागतं. बँडमध्ये त्यातलं खालचं टोक ड्रमच्या किकमध्ये, डग्ग्यात आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात विरून जातं, वरचं टोक झांजांखाली आणि गायकाच्या सकारांखाली दबतं. उरतो तो मध्य, आणि तोच तुम्ही कापलेला असतो.

मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची आहे. पण कानाला तो ई म्हणून ओळखू येतो तो मुख्यतः वरच्या स्वरांशांमुळे: ८२, १२४, १६५ आणि पुढचे. मूळ कंपन स्पीकरमधून जवळजवळ येत नसलं तरी वरचे अंश नीट आले तर मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही बेसची चाल ओळखता येते ती यामुळेच. म्हणून बँडमध्ये २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा जपायचा. एकट्याने ऐकलं तर तो आवाज थोडा नाकातला, कोरडा वाटतो. वाटू द्या. साऊंड चेकला एकट्याचा आवाज कधीच अंतिम धरू नका, सगळे वाजत असताना ठरवा. ‘घुमघुम’ असेल तर साधारण ८० ते १२० च्या भागात थोडं कापायला सांगा, आणि ४० च्या खालचं सगळं हाय-पास (खालची कंपनं अडवणारा फिल्टर) लावून काढून टाका. त्या भागात संगीत जवळजवळ नसतं. बोटांचे धक्के, स्टेजच्या फळ्यांची थरथर एवढंच असतं, आणि स्पीकरचा कोन मात्र त्यानेच सर्वांत जास्त हलतो.

घुमणाऱ्या हॉलमध्ये अजून एक उपाय आहे आणि तो फुकट आहे: सूर लवकर थांबवा. पत्र्याच्या हॉलमध्ये तुमचा एक सूर संपायच्या आत दुसरा येऊन चिकटतो. डाव्या हाताने तार सोडून, उजव्या तळव्याने पुलाजवळ (बेसच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो ब्रिज) दाबून किंवा पुलाजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सारून सूर आखूड करा. जुन्या चित्रपटगीतांना तर हाच आवाज शोभतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जॅमर्सन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा लावत, त्या बदलतही नसत, उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत, आणि त्यांचा बेस बहुतांशी अँपविना थेट मिक्सरमध्ये जाई. इतका ‘निस्तेज’ सरंजाम असूनही प्रत्येक सूर वेगळा कळतो.

थेट मिक्सरचा विषय निघाला तर डी.आय. बॉक्सबद्दल, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणाऱ्या छोट्या पेटीबद्दल सांगतो, कारण तुमच्या यादीत तो नाहीच आणि माझ्या मते पहिली खरेदी तीच. साध्या, म्हणजे पॅसिव्ह बेसच्या पिकअपला (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) समोरच्या यंत्राचा इनपुट फार उंच रोधाचा लागतो, साधारण एक मेगाओहम. मिक्सरचा लाइन इनपुट बहुधा दहा किलोओहमच्या आसपास असतो. गिटारची केबल सरळ त्यात खुपसली की वरचे अंश मरतात आणि उरते ती घुमघुम. तुमच्या मित्रांची तक्रार इथूनच आली असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय दहा-पंधरा मीटर लांब गिटार केबल वाटेत गुणगुण गोळा करते ती वेगळीच. डी.आय. तुमच्या पायाशी ठेवायचा, त्यातून एक्सएलआर केबल मिक्सरकडे. साऊंडवाल्याकडे डी.आय. असतो, पण तो कीबोर्डसाठी आणलेला असतो आणि ऐनवेळी तुमच्या वाट्याला येत नाही. स्वतःचा ठेवा. पॅसिव्ह बेससाठी अ‍ॅक्टिव्ह डी.आय. चांगला, तो बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे मिक्सर एक्सएलआर केबलमधूनच देतो त्या विजेवर चालतो. टोनची तीन-चार बटणं आणि हाय-पास असलेला प्रीअँप-डी.आय. मिळाला तर उत्तमच: प्रत्येक गावात साऊंडवाला बदलतो, पण त्याच्यापर्यंत जाणारा आवाज तुमचा राहतो.

अँपच्या मागे डी.आय. आउट असेल तर त्याचा प्री/पोस्ट खटका बघून ठेवा. प्री ठेवलात तर अँपच्या बटणांचा परिणाम मिक्सरला जात नाही. मी मंगल कार्यालयात नेहमी प्री ठेवतो. स्टेजच्या कोपऱ्यात मला ऐकू यावं म्हणून मी जी कापाकापी करतो ती समोरच्या तीनशे माणसांवर का लादू?

आता अँप. तुमचा ४० वॉटचा ड्रमसमोर कमी पडणारच, यात शंका नाही. पण वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. खालच्या सुरांना आपला कान मुळातच कमी संवेदनशील आहे. म्हणून गिटारवाला ३० वॉटवर मजेत असतो आणि बेसवाल्याला तीनशे लागतात. १९६९ मध्ये आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अँप ३०० वॉट व्हॉल्व्हचा आणि खाली आठ स्पीकरचं कपाट, तो त्या काळच्या मोठ्या मैदानांसाठी. तेव्हा बेस समोरच्या स्पीकरांतून नीट जात नसे, स्टेजवरूनच ढकलावा लागे. आज ते ओझं जिन्यावरून चढवायची गरज नाही. क्लास डी या हलक्या प्रकारच्या अँपचं डोकं, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता अँप, दोन-तीन किलोचं असतं.

तुमच्या कामाला एका बारा इंची किंवा दोन दहा इंची स्पीकरचं कॅबिनेट आणि ३०० वॉटच्या आसपासचं डोकं पुरे. घेताना ओहम वाचा. ५०० वॉट असं छापलेलं असतं ते बहुधा ४ ओहमला. ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर हाती २५० ते ३०० येतात. पुढे ८ ओहमचं दुसरं कॅबिनेट जोडलं की दोन्ही मिळून ४ ओहम होतात आणि अँप पूर्ण जोरावर येतो, शिवाय दुसऱ्या स्पीकरची भर पडते ती वेगळी. मोठा फरक तिथे पडतो. पण ४ ओहमची दोन जोडलीत तर २ ओहम होतात आणि बरेच अँप ते सोसत नाहीत. अँप ते कॅबिनेट ही केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल आत बारीक असते, ती तापते आणि कधी अँपलाही घेऊन जाते. आणि ‘गिटारचा अँप आहे ना, त्यातच लाव’ असं कोणी म्हटलं तर हात जोडा. मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटतो.

अँप ठेवायचा कुठे, याने मात्र वॉटपेक्षा जास्त फरक पडतो. बहुतेक जण तो जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवतात आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहतात. मग स्पष्टपणा देणारे वरचे अंश सरळ रेषेत तुमच्या गुडघ्यांकडे जातात आणि खालची घुमघुम मात्र सगळीकडे पसरते, कारण भिंत, जमीन आणि कोपरा तिला वाढवतात. ई तारेच्या लाटेची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर आहे, ती अँपच्या पुढे-मागे बघत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता, गायिकेच्या माइकमध्ये घुमघुम शिरते, साऊंडवाला समोरून तुमचा आवाज उतरवतो, आणि प्रेक्षकांना अजूनच कमी ऐकू येतं. त्यापेक्षा कॅबिनेट खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलतं करून कानाच्या दिशेला करा, कोपऱ्यापासून लांब. स्टेज पोकळ फळ्यांचं असेल तर खाली जाड फोम घाला. ड्रमर आणि तुमच्या मधोमध अँप असेल तर दोघांचंही काम कमी आवाजात होतं. कानांचाही विचार करा: ८५ डेसिबल आठ तास, पण १०० डेसिबलला सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांवर येते, असं अमेरिकेच्या नायोश संस्थेचं मानक सांगतं. झांजेशेजारी तीन तास उभं राहणाऱ्याने कानात बोळे घालावेत, त्यात कमीपणा नाही.

आता तुमचा आवडता भाग, बेस. फेंडरचा प्रिसिजन १९५१ चा, त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ चा, आणि जॅझ बेस १९६० चा. आजही बाजारातले बरेचसे बेस या दोन घराण्यांतले. प्रिसिजनचा तो पिकअप गुणगुण स्वतःच मारतो, आणि त्याचा आवाज नेमका मधल्या पट्ट्यात भरलेला असतो, म्हणून गर्दीतून सहज निघतो. तुमच्याकडच्या जॅझच्या धर्तीत दोन सिंगल कॉइल आहेत. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तर गुणगुण मरते, पण आवाजाचा मध्यही थोडा पोकळ होतो. मागचा थोडा कमी करा, मध्य परत येईल, किंचित गुणगुण वाढेल. मांडवातल्या लाइटांच्या डिमरजवळ उभे असाल तर ती चांगलीच वाढेल. मग जागा बदला किंवा डिमरकडे पाठ न करता कडेने उभे राहून बघा, कोनाने फरक पडतो.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये जादू नसते, आत छोटा प्रीअँप असतो, इतकंच. १९७६ च्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसपासून तो प्रकार रुळला. लांब केबलला तो बरा, बोटाशी टोन बदलता येतो. पण ९ व्होल्टची बॅटरी आली, आणि ती केबल खुपसलेली असली की चालूच राहते. रात्रभर केबल तशीच ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी मुखड्यातच आवाज फाटायला लागतो. तुम्ही प्रीअँप-डी.आय. घेणार असाल तर अ‍ॅक्टिव्हचं निम्मं काम तिथेच होतं.

पाचव्या तारेचा मोह मला कळतो. आपल्याकडे गायक पट्टी ठरवतो आणि आपण जुळवून घेतो. पुरुष गायक काळी एक, पांढरी दोन, काळी दोन असं सांगतो आणि चार तारांचा बेस खाली पांढरी तीनला, म्हणजे ईला संपतो. म्हणजे षड्ज नेमका तुमच्या सर्वांत खालच्या सुराच्या थोडा खाली. नवी हिंदी गाणी कीबोर्डच्या बेसवर बांधलेली असतात, तीही सर्रास ईच्या खाली जातात. पाच तारांवर काळी दोनचा खर्ज बी तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळतो आणि अख्खं सप्तक हात न हलवता हाताखाली येतं. हा खरा फायदा. पण तो सूर ३९ हर्ट्झचा आहे आणि मंगल कार्यालयातले स्पीकर त्याचं मूळ कंपन देणारच नाहीत. मग चार तारांवर काय अडतं? काळी दोनचा षड्ज ए तारेच्या सहाव्या पडद्यावर आहे, त्याचा मंद्र पंचम ई तारेच्या सहाव्यावर. बहुतेक गाणी तेवढ्यात उभी राहतात. पांढरी दोनची गाणी जास्त असतील तर ई तार एक सूर उतरवून डी करा. लावणीत किंवा कोळीगीतात तर ढोलकी बोलत असताना खाली जाणं मला मुळातच आवडत नाही, तिथे दोघांची जागा एकच.

म्हणजे पाच तारांचा बेस सोय म्हणून घ्या, ऐकू येण्यासाठी नको. गोव्यात तियात्राच्या (कोंकणी संगीतनाट्याच्या) किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे बरेच जण चार तारांवरच रात्र काढतात.

त्याआधी आहे तो बेस जुळवून घ्या. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, नेक वाकते, तारा वर येतात किंवा पडद्यांवर खरखरतात. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबा, मधोमध सातव्या-आठव्या पडद्याशी साधारण ०.३ मिलिमीटरची फट हवी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, हात बसला नसेल तर कारागिराकडे द्या. तारा ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) निकेल, घामट हाताच्या माणसाने प्रत्येक कार्यक्रमानंतर पुसायच्या. रुंद पट्टा घ्या. चार-साडेचार किलो तीन तास खांद्यावर असतात.

विजेबद्दल थोडं, कारण मांडवात हा जिवाचा प्रश्न आहे. जनरेटरवर किंवा ओढून आणलेल्या वायरवर अर्थिंग असेलच असं नाही. सॉकेटमध्ये मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा, दोन्हीकडे २३० च्या जवळ यायला हवं. फेज-अर्थ बराच कमी दाखवत असेल तर अर्थिंग नाही. हात तारांवर आणि ओठ माइकला लागल्यावर चटका बसतो तो अशाच ठिकाणी. शक्यतो साऊंडवाल्याच्याच फेजवरून अँपला वीज घ्या. गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन कापू नका, डी.आय.वरचा ग्राउंड लिफ्ट त्यासाठीच असतो.

५० हजारांची वाटणी मी अशी करेन. आधी बेसची सेटिंग, तारा, दोन चांगल्या केबल आणि प्रीअँप-डी.आय. हे होऊन दोन-चार कार्यक्रम करा आणि समोर बसलेल्यांना परत विचारा. मग उरलेल्या पैशांत वापरलेला पण तपासलेला अँप, ८ ओहमच्या एका कॅबिनेटसह. ४० वॉटचा विकू नका, सरावाला राहू द्या. मंडळाकडून साऊंड चेकचा अर्धा तास मागून घ्या. रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करायचा असला की सगळ्यात आधी कात्री लागते ती त्याच अर्ध्या तासाला.

पाच तारांचा पुढच्या वर्षी घ्यालच, तेव्हा दुकानात फक्त बी तार तपासा. आवाज अगदी कमी ठेवून पाचव्या पडद्यावरचा ई वाजवा, मग मोकळ्या ई तारेचा. दोन्ही एकाच वाद्यातले वाटले पाहिजेत. बी वरचा ढिला, गढूळ आणि सुराला हेलकावणारा आला, तर दुकानदार १३० ची नवी तार लावून देतो म्हणेल. त्याला तिथेच लावून दाखवायला सांगा आणि पुन्हा ऐका. तरी फरक नसेल तर दुसरा बेस हातात घ्या.